गावातली कॅन्सर तपासणी शेवटाकडून आखा : महाविद्यालय, रुग्णालय आणि गाव यांच्या भागीदारीसाठी

आमच्या पहिल्या शिबिराचं रजिस्टर मी अजून जपून ठेवलंय. त्यात एका नावासमोर लाल पेनाने गोल केलेला आहे. वय ३८, ऊसतोड मजूर, गर्भाशयमुखाच्या तपासणीत पांढरा डाग दिसलेला, पुढची तपासणी लगेच व्हायला हवी. फोन नंबरच्या रकान्यात नंबरही आहे. आठ दिवसांनी मी तो लावला तेव्हा उचलला मुकादमाने. बाई नवऱ्यासोबत कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेली होती. दसरा झाला होता, उचल घेतलेली होती, कोयता निघाला होता. शिबिराची तारीख आम्ही कॉलेजच्या वेळापत्रकाला सोयीची म्हणून धरली होती. ती परतली गुढीपाडव्यानंतर.

तोवरचे सहा महिने मी त्या लाल गोलाकडे बघत होते. त्यातून जे शिकले ते इथे मांडते आहे. मी समाजकार्य शिकवते. हा लेख वैद्यकीय, नर्सिंग, समाजकार्य महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी आणि एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी आहे. आपल्या भागात कॅन्सर उशिरा कळतो, उपचार लांब असतात आणि गरीब बाई मध्येच गळते, हे बघून ज्यांना काहीतरी उभं करायचं आहे, त्यांच्यासाठी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या जेमतेम १.९ टक्के निघाल्या. स्तनाच्या तपासणीचा आकडा एका टक्क्याच्याही खाली. सरकारचा कार्यक्रम २०१६ पासून कागदावर आहे : तिशीनंतर दर पाच वर्षांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी. अडतं ते माणसांवर, वेळेवर आणि पाठपुराव्यावर. विद्यापीठाकडे नेमक्या याच गोष्टी असतात.

आधी उपचाराचं दार उघडं करून घ्या

बहुतेक जण सुरुवात शिबिराने करतात. तसं करू नका. ज्या दिवशी तुम्ही एका बाईला "संशयास्पद आहे" असं सांगता, त्या दिवसापासून ती तुमची जबाबदारी होते. म्हणून पहिली भेट कॅन्सर रुग्णालयात घ्या. मराठवाडा-सोलापूर पट्ट्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, विदर्भात नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. दार जितकं जवळ, तितकं बरं. मुंबईला टाटात पाठवणं हा शेवटचा पर्याय असावा, कारण परळपर्यंत जाणारी प्रत्येक बाई तिथे राहू शकत नाही. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखी सोय आहे, पण घरी म्हैस आणि शाळेतली पोरं कोण बघणार?

त्या रुग्णालयाला चार गोष्टी विचारा आणि लेखी घ्या. आमच्याकडून आलेल्या बाईला कोणत्या वारी बघाल? बायोप्सीचा खर्च कोण देईल? रिपोर्ट किती दिवसांत मिळेल? आणि तुमच्याकडचं एक माणूस, ज्याचं नाव आणि नंबर आम्ही आशाताईंना देऊ शकतो, ते कोण? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ओपीडीच्या रांगेत कुणी नावाने हाक मारली की खेड्यातली बाई थांबते, नाहीतर दुपारच्या एसटीने परत जाते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन होतं. पण निदान पक्कं होण्याआधीच्या तपासण्या अनेकदा खिशातून कराव्या लागतात, आणि बाई तिथेच गळते. तेवढ्यासाठी वेगळा निधी आधीच उभा करा. माजी विद्यार्थी, जिल्हा बँक, साखर कारखाना, कुणाकडूनही. कारखान्याकडे मागायला संकोच वाटायचं कारण नाही. तिच्या घामावरच तो चालतो.

बार्शी-धाराशिवचा धडा

आपल्या घरातला दाखला इतका मोठा आहे की तो प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात नोंदणीवाले रुग्णालयातून कागद गोळा करतात, पण इथे बहुतेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते. मग माणसं गावोगाव गेली, पारावर बसली, कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून जातंय हे विचारत राहिली आणि विचारता विचारता कॅन्सरबद्दल सांगतही राहिली. मोजणी हेच तिथे प्रबोधन झालं.

त्या पायावर पुढे टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी केली. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. काही गटांत एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर म्हणजे तिथल्या पेशी काचेवर घेऊन बघणं, काहींत व्हीआयए म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं, आणि एक तुलनेचा गट. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. जगभरच्या धोरणांना वळण देणारा हा पुरावा परांडा-भूमच्या शेजारच्या बायकांनी दिला आहे.

त्याच चाचणीत एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने दहावी शिकलेल्या स्थानिक मुलींना शिकवून दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हीआयए केलं, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यातून आखणीसाठी एक गोष्ट सरळ निघते. स्वस्त तपासणी हवी असेल तर परत परत यायची तयारी हवी. एकदाच जमणार असेल, तर पैसे एचपीव्ही तपासणीवर घाला.

कोणता कॅन्सर, कोणती तपासणी

तिन्ही एकदम करायचा मोह होतो. पहिल्या वर्षी टाळा. गावातल्या आरोग्य सेविकेशी आणि आशाताईंशी बोलून ठरवा.

तोंडाची तपासणी सगळ्यात सोपी, आणि ती पुरुषांनाही घेऊन येते. टॉर्च, लाकडी चमचा, स्वच्छ हात. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड तीन बोटं मावतील इतकं उघडतं का, हे बघायचं. केरळमधल्या तिरुवनंतपुरमच्या चाचणीत तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये अशा तपासणीने तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. पण विचारताना "तंबाखू खाता का?" एवढ्यावर थांबू नका. बाई मान हलवून "नाही" म्हणते आणि खरंच म्हणते, कारण मिश्री तिच्या लेखी तंबाखू नाहीच, ते दात घासणं आहे. "सकाळी कशाने घासता? दिवसातून किती वेळा?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. गडचिरोली-चंद्रपूरकडे खर्रा, आमच्याकडे मावा. नाव घेऊनच विचारावं लागतं.

स्तनाची तपासणी प्रशिक्षित हातांनी. मुंबईच्याच १,५१,५३८ बायकांच्या चाचणीत, वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्याहून तरुण बायकांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून आजीबाईंना मुद्दाम बोलवा. त्या "आता आमचं काय राहिलंय" म्हणत मागे राहतात.

गर्भाशयमुखासाठी दोन वाटा. एचपीव्ही तपासणीत बाई स्वतः आडोशाला जाऊन नमुना घेऊ शकते, त्यामुळे लाज निम्मी होते. पण नमुना प्रयोगशाळेत जातो, निकाल दिवसांनी येतो, आणि दुसऱ्यांदा भेटणं भाग पडतं. व्हीआयएचा निकाल मिनिटाभरात. डाग पूर्ण दिसत असेल, आत गेलेला नसेल, कॅन्सरचा संशय नसेल तर प्रशिक्षित डॉक्टर उष्णतेने तो तिथेच नष्ट करू शकतात. स्थलांतर करणाऱ्या बायकांसाठी मी दुसरी वाट धरते, कारण तिला परत गाठण्याची खात्री मला देता येत नाही. मात्र पाळी गेलेल्या बायकांत व्हीआयए फारसं भरवशाचं नाही, हे ध्यानात ठेवा.

गावाचं कॅलेंडर आणि पिशवीचा प्रश्न

विद्यापीठाचं सत्र बाजूला ठेवून गावाचं वर्ष कागदावर मांडा. आमच्याकडे दसरा ते पाडवा अर्धं गाव बाहेर. कापूस वेचणीत दिवसभर कुणी नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बायका येतात, पण घाईत असतात. आम्हाला योग्य वेळ सापडली ती एप्रिल अखेर ते मे. माणसं परतलेली असतात आणि पुढच्या पाच महिन्यांत पाठपुरावा पुरा करता येतो. परीक्षांचा काळ म्हणून कॉलेज कुरकुरतं. कुरकुरू द्या.

बीडसारख्या जिल्ह्यात काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. २०१९ मध्ये शासनाने ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण केलं तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणींना "काढली नाहीस तर कॅन्सर होईल" अशी भीती घातलेली होती. म्हणजे कॅन्सर हा शब्द या बायकांनी आधी ऐकला आहे, आणि तो ऐकून त्यांचं नुकसान झालेलं आहे. एक बाई मला म्हणाली, "पिशवी तर काढली मॅडम, आता आणि काय काढणार?" त्या प्रश्नाला ठोस उत्तर देता आलं पाहिजे. काही काढायला आलेलो नाही. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. तो वेळेत सापडला तर पिशवी काढावी लागत नाही, हेच सांगायला आलो आहोत. हे वाक्य आमच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ आहे. पिशवी काढलेल्या बायकांना परत पाठवू नका. तोंड आणि स्तन तपासा. पिशवीचं तोंड मागे ठेवलंय की काढलंय हे कागदावर सहसा सापडत नाही, तेव्हा डॉक्टरांनी एकदा बघून घ्यावं.

संमती म्हणजे सही नव्हे

संशोधन असो वा सेवा, माहिती गोळा करून ती कुठे मांडणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची नैतिकतेची मार्गदर्शक तत्त्वं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

धाराशिव आणि मुंबईच्या चाचण्यांवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला : तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, ते योग्य होतं का? संशोधकांचं म्हणणं, देशात तेव्हा नेहमीची म्हणून कुठली तपासणीच नव्हती. मला दोन्ही बाजू समजतात. पण आज, पुरावा हातात असताना, महाविद्यालयाने बायकांचा एक गट तपासणीविना ठेवून नुसता मोजण्याचा विचारही करू नये. तुलना करायची तर दोन चांगल्या पद्धतींची करा : फोनने बोलावणं की आशाताईने घरी जाणं, सकाळची वेळ की संध्याकाळची.

दुसरी घटना तेव्हाच्या आंध्रची. २००९ मध्ये खम्ममच्या (आता तेलंगणात) आदिवासी आश्रमशाळांतल्या मुलींना एचपीव्ही लस देताना अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत लसीशी संबंध सापडला नाही, पण विश्वास गेला आणि देशभरातले लसीचे प्रकल्प थांबले. त्यात लिऑनच्या संस्थेचा वेगळा अभ्यासही थांबला आणि हजारो मुलींना ठरलेल्यापेक्षा कमी, अनेकींना एकच डोस मिळाला. पुढे त्यांच्याच पाठपुराव्यातून एक डोसही पुरतो हा मोठा पुरावा उभा राहिला. पण त्यासाठी मोजलेली किंमत विसरायची नाही. आश्रमशाळेत काम असेल तर आईबापांपर्यंत जा, त्यांच्या बोलीत सांगा, आणि "नाही" म्हणायला एक दिवस द्या.

करार करताना

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये एक पद्धत सुरू केली. अल्पसंख्य आणि वंचित विद्यार्थ्यांना शिकवणारं विद्यापीठ आणि मोठं कॅन्सर केंद्र यांची जोडी बांधायची, दोन्हीकडे बरोबरीचे प्रमुख, एकत्र अनुदान. प्वेर्तो रिकोतलं पोन्से आरोग्यविज्ञान विद्यापीठ आणि फ्लोरिडातलं मॉफिट कॅन्सर केंद्र ही त्यांतली एक जोडी. तिथून मी एकच गोष्ट उचलली : लहान भागीदार हा मोठ्याचा मदतनीस नसतो. आपल्या सामंजस्य करारात तिसरी बाजूही हवी, ती गावाची. ग्रामपंचायत, महिला बचत गटांचा प्रभागसंघ आणि आशांची गटप्रवर्तक यांना समितीत मत द्या, नुसतं व्यासपीठ नको. आशाताईंच्या दिवसाला मोबदला लिहा. त्यांच्यावर आधीच इतकं काम असतं की फुकटची आणखी एक यादी देणं हा अन्याय आहे.

करारात हेही असू द्या : माहिती कुणाकडे राहील, शोधनिबंधावर गावातल्या कार्यकर्त्यांची नावं येतील का, आणि प्राध्यापकांची बदली झाली तर काम कुणाकडे जाईल. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची सही नसेल तर उपकेंद्राचं कुलूप उघडणार नाही, हे अनुभवाने सांगते.

विद्यार्थ्यांना नव्या अभ्यासक्रमातल्या क्षेत्र प्रकल्पाचे आणि समाजसंपर्काचे श्रेयांक देता येतात. नर्सिंगच्या मुली तपासणीला, समाजकार्याच्या पाठपुराव्याला, संख्याशास्त्राची मुलं नोंदींना. प्रशिक्षण कॅन्सर रुग्णालयातच घ्या.

तपासणीच्या दिवशी

पडदा. दोन पडदे. दरवाजाला आतून कडी. शौचालय चालू आहे का ते आदल्या दिवशी बघा, पाणी भरून ठेवा. तपासणारी स्त्रीच हवी. व्हीआयएचं पाच टक्के द्रावण त्याच दिवशी ताजं करायचं : पाच मिलिलिटर ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) ॲसिटिक ॲसिड, पंचाण्णव मिलिलिटर शुद्ध पाणी. लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबा. घाईत तीस सेकंदांत बघितलं की डाग निसटतो. स्पेक्युलम (गर्भाशयमुख दिसावं म्हणून वापरायचं साधन) प्रत्येकीला निर्जंतुक केलेला, आणि येणाऱ्या बायकांच्या संख्येपेक्षा दहा जास्त मोजून आणा. पाळी चालू असलेल्या आणि गरोदर बायकांना दुसरी तारीख द्या.

रांगेत बायका बसतात तिथे भाषण नको. एखादी तपासणी करून आलेली बाई शेजारणीला सांगते, "दुखत नाही ग, थोडं गार लागतं," त्याचा उपयोग आमच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त झालेला मी पाहिला आहे. मोठे नेते उद्घाटनाला बोलावले की अकरा वाजेपर्यंत तपासणी सुरू होत नाही आणि शेतावर जाणाऱ्या बायका निघून जातात. फित कापायचीच असेल तर संध्याकाळी कापा.

लाल गोल : पाठपुरावा

इथे भागीदारी टिकते किंवा मोडते. त्या पहिल्या चुकीनंतर आम्ही रजिस्टर बदललं. आता फोनच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आहे : "हा फोन कुणाचा?" स्वतःचा, नवऱ्याचा, मुलाचा, मुकादमाचा. त्याच्या शेजारी : "निरोप कुणाला सांगितलेला चालेल?" आणि "कुणाला सांगायचा नाही?" शेवटच्या रकान्यात कधी सासूचं नाव येतं, कधी नवऱ्याचं. ते पाळायचं. मग माहेरचं गाव, आणि उसाला जाणारी असेल तर कारखाना आणि टोळी.

संशयास्पद निघालेल्या बाईला चिठ्ठी देऊन सोडायचं नाही. तिथेच रुग्णालयातल्या आपल्या माणसाला फोन लावून तारीख घ्यायची, आणि सोबतीला कोण येईल ते ठरवायचं. पहिल्या फेरीला आमची एक विद्यार्थिनी सोबत जाते. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा प्रवासाचा खर्च फार होत नाही. बुडालेल्या मजुरीचा होतो. तो निधीतून द्या, आणि लाच दिल्यासारखा नको, हक्काने द्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला सांगा, म्हणजे रुग्णालयात फुले योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे दुसरी खेप पडत नाही.

दर सोमवारी अर्धा तास फक्त लाल गोलांसाठी ठेवा. कोण पोचली, कुणाचा बायोप्सीचा रिपोर्ट आला, कोण नाही म्हणाली आणि का. "नाही म्हणाली" हे उत्तर लिहून मोकळं व्हायचं नाही. आमच्याकडे एकीचं कारण होतं मुलीचं लग्न. तारीख लग्नानंतरची घेतली, ती आली.

किती बायका तपासल्या हा आकडा बातमीत छापून येतो. आमच्या फळ्यावर मात्र दुसरे दोन असतात : संशयास्पद निघालेल्यांपैकी किती जणींचं निदान पक्कं झालं, आणि ज्यांना गरज होती त्यांपैकी किती जणींचे उपचार पुरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेल्या तीन लक्ष्यांपैकी एक हेच आहे : आजार सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार. हे दोन आकडे, नावं न घेता, दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा. कमी असले तरी वाचा. गावाला कारणं आपल्यापेक्षा नीट माहीत असतात.

उसावरून परतलेल्या त्या बाईला आम्ही पाडव्यानंतर चौथ्या दिवशी घेऊन गेलो. डाग वाढला होता, कॅन्सर झालेला नव्हता. उपचार झाला, ती त्याच संध्याकाळी घरी आली. तिला दिलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगितलं, कारण घर बंद करून उसाला जाताना रेशनकार्ड कुणी मागे ठेवत नाही. आता सगळ्यांनाच तसं सांगतो. कार्डावर पुढच्या तपासणीचा महिना आणि वर्ष मोठ्या अक्षरांत असतं, आणि खाली उपकेंद्राचं नाव, कारण तोवर आमच्या विद्यार्थिनी पास होऊन गेलेल्या असतात. रजिस्टरची एक प्रत त्या उपकेंद्राच्या कपाटात ठेवलेली आहे.